एका भाकरीला किती घागरी

आमच्या चिपळुणात पावसाळ्यात पाणी मोजायचं म्हणजे ते किती पायऱ्या चढून वर आलंय एवढंच बघायचं. तिसरी पायरी बुडाली की टीव्ही माळ्यावर, पाचवी बुडाली की आपण माळ्यावर. अशा गावातली मी बाई, पाणी जपून कसं वापरतात ते मोजायला बीड जिल्ह्यात निघाले, तेव्हा घरच्यांनी मनसोक्त हसून घेतलं. भाऊ म्हणाला, "तुला पाठवतायत? तू आंघोळीला तीन बादल्या घेतेस." मी म्हटलं, "म्हणूनच पाठवतायत, मेल्या. तहानलेल्याला तटस्थपणे मोजता येत नाही." हे उत्तर तेव्हा मला फारच झकास वाटलं होतं. त्यात किती पोकळ ऐट होती ते कळायला दहा-बारा दिवस लागले.

काम असं होतं. मी शेतीचं इंजिनिअरिंग शिकवते. आम्ही काही शिक्षकांनी मिळून सिंदफणेच्या खोऱ्यात, म्हणजे त्या नदीला जिथून जिथून पाणी येतं त्या सगळ्या मुलखात, शेताला दिलेलं पाणी कितपत सार्थकी लागतं ते मोजायचं ठरवलं. डोंगरापासून खालपर्यंत शेतं निवडायची, शेतात पाणी किती गेलं ते मोजायचं, त्यातून धान्य किती निघतं ते बघायचं. जानेवारीचा शेवट होता. थंडी होती, ज्वारी उभी होती, आणि कोकणातल्यासारखा घाम नव्हता. मी खुशीत होते.

गेवराई

गेवराईत हायवेच्या कडेला, ट्रकांचा धुरळा दिवसभर अंगावर घेत, चांदभाईंचं मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. साठीचे गृहस्थ, मेंदीनं लाल झालेली दाढी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. बारा दिवसांसाठी ते आणि त्यांची जीप, दोन्ही मला मिळाले होते. खोऱ्यातल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी त्यांनी कधी ना कधी खोलल्या आहेत. मोटर न बघता, नुसत्या आवाजावरून ती किती ताकदीची आहे, पाणी पूर्ण ओढतेय का, खालच्या जाळीत कचरा अडकलाय का, सगळं सांगतात. मी आधी विश्वास ठेवला नाही. त्यांना पाठमोरं बसवून दुकानामागच्या तीन मोटारी एकेक करून लावायला सांगितल्या. तिन्ही बरोबर सांगितल्या, आणि वर म्हणाले, "मॅडम, आता तुमची बी परीक्षा घेऊ का?"

त्यांच्या घरी सकाळी खिचडी आणि खट्टा असा नाश्ता झाला. खट्टा म्हणजे चिंचेचं, तीळ घातलेलं आंबट पातळ. आमच्या सोलकढीचा हा लांबचा भाऊ असावा, पण जरा तापट स्वभावाचा. मी तीनदा घेतला. मग चांदभाईंनी विचारलं, "नेमकं मोजायचं काय हाय?" मी दहा मिनिटं समजावून सांगितलं. पानांतून उडणारी वाफ, मुळांची खोली, झिरपा, सगळं. ते नट आवळायच्या पान्यानं पाठ खाजवत शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे पान्याचं ॲव्हरेज काढायचं," ते म्हणाले. "लिटरमदी गाडी किती पळती, तसं घागरीमदी शेत किती देतंय."

मला राग आला. वीस वर्षं शिकवतेय, आणि हा माणूस एका ओळीत संपवतो! आतून त्यांच्या बायकोनं, भाभींनी, पडद्याआडून आणखी सुधारणा केली: "शेतकऱ्याला भाकरीत सांगा. एका भाकरीला किती घागरी पानी लागलं." मी मुकाट्यानं वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलं. पुढचे सगळे दिवस तेच वापरलं, हेही इथे कबूल करून टाकते.

डोंगराकडून खाली

पाटोद्याच्या वरच्या डोंगरात सिंदफणा उगम पावते. मी मोठ्या अपेक्षेनं गेले, तर दगडांत एक ओलसर चर. कोकणात एवढ्याला कोणी नाव देत नाही. चांदभाई म्हणाले, "हसू नका, हीच पुढं गोदावरीला जाती." खाली वस्तीवर हुरडा चालला होता. आगटीत भाजलेली ज्वारीची कणसं तळहातावर मळून, फुंकर मारून, गरम हिरवे दाणे लसणाच्या चटणीबरोबर समोर येत होते. मी पाणी मोजायला आलेय हे तासभर पूर्ण विसरले. हात काळे, तोंड काळं, आणि माझ्या वहीच्या त्या पानावर आजही राखेची बोटं आहेत.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या वरच्या टोकाला अप्पांकडे गेलो. अप्पा म्हणजे मोठे जमीनदार, आणि त्या कालव्यावरच्या पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. पांढऱ्या मिशा, पांढरे कपडे, आणि दिलदारपणा असा की 'नको' हा शब्द त्यांना ऐकूच येत नाही. ऊस तर होताच, पण ज्वारीही घोटाभर पाण्यात उभी होती. इथे माझं प्रवाह मोजायचं यंत्र पहिल्याच बुडीत गाळ खाऊन बंद पडलं. मी कपाळाला हात लावला. चांदभाईंनी जीपमधून जरासं सुकलेलं मोसंबं आणून माझ्या हातात दिलं.

हा जुनाच प्रकार आहे. दहा मीटरच्या दोन खुणा करायच्या, मोसंबं वरच्या खुणेला पाण्यात सोडायचं, खालच्या खुणेला पोचायला किती सेकंद लागले ते बघायचं. पाण्याची रुंदी-खोली आधी मोजलेली असते, त्यावरून किती पाणी वाहतंय ते निघतं. माझ्या कॉलेजातल्या लाखमोलाच्या यंत्रापेक्षा मोसंबं बरं, गाळ खात नाही.

जेवताना भरीत, कढी, बाजरीची भाकरी आणि अप्पांचा आग्रह असं सगळं एकदम वाढण्यात आलं. मग अप्पांनी मुद्द्याला हात घातला.

"मॅडम, धरणात पानी कमी हाय. शेवटची एकच पाळी, म्हंजे कालव्याला एकदाच पानी निघंल. माझं म्हननं, ती वरच्याच गावांना द्यावी. शेपटाला पानी सोडनं म्हंजे वाळूत वतनं. पोचस्तवर निम्मं जातं, पोचलेलं ती लोकं उधळतेत."

"तुम्ही बघितलंय उधळताना?"

"मी कावून बघू? तुमी हायेत की. येत्या गुरुवारी बैठक हाय. तुमचा आकडा येऊ द्या, त्याच्यावर ठरवू. माझा शब्द हाय."

मला फार बरं वाटलं. आकड्यावर निर्णय घेणारा पुढारी! मी त्यांना म्हटलंसुद्धा तसं.

शेपटवाडी

कागदावर त्या वाडीचं नाव वेगळं आहे, पण पंचक्रोशी तिला शेपटवाडी म्हणते, कारण चारीचं, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याचं, शेपूट तिथं संपतं. चाळीस घरं. ज्वारी पोटरीला आलेली, म्हणजे कणीस अजून पानाच्या वेष्टणात. या वेळी एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर कणसात भुसा. गुरुवारची बैठक त्यांच्यासाठी काय होती ते यातच आलं.

बाकी गावांत आम्ही न सांगता टपकलो होतो. इथे चांदभाईंची जुनी ओळख, त्यामुळे त्यांनी दोन दिवस आधी फोन करून वर्दी दिली होती. आम्ही पोचलो तर वाडी नटूनथटून वाटेवर उभी. सगळ्यात पुढं रुक्मिनबाई. वय माझ्याच आसपास, हिरवं इरकल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज बांधावरून बांधावर जाणारा. तिनं आधी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा माझ्या हातात दिला. तांब्या इतका काठोकाठ की घेतानाच माझी चप्पल भिजली.

आणि चारी? चारी दुथडी वाहत होती! वाफे भरून पाणी वाटेवर आलेलं, वाटेवरून ओढ्यात चाललेलं. मी तिथेच चिडले. शेवटच्या पाळीसाठी जीव टाकणारी वाडी ही? मी मोसंबं सोडलं. निम्म्या वाटेवर एका शेळीनं पाण्यात तोंड घालून ते उचललं आणि पळाली. सगळी वाडी हसली, मी नाही. दुसरं मोसंबं सोडलं, घड्याळ दाबलं.

एवढ्यात चांदभाई कान टवकारून बांधापलीकडे बघत म्हणाले, "मॅडम, तिकडं मोटर चालू हाय. चारीला येवढं पानी आसताना मोटर कावून?"

"चांदभाई, मोजू द्या हो! मधेमधे बोलू नका."

हे माझं वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल त्याची मोजदाद नाही.

आकडा निघाला. खोऱ्यात आतापर्यंत बघितलेल्या सगळ्या शेतांत शेपटवाडीची भाकरी सर्वांत जास्त घागरी पिणारी! अप्पांच्याही वर! मला राहवलं नाही म्हणून तिथल्या कडुलिंबाखाली उभी राहून चांगला अर्धा तास भाषण ठोकलं. पाणी म्हणजे काय, उधळपट्टी म्हणजे काय, पुढच्या पिढ्या काय म्हणतील. वाडी मान डोलावत, हसऱ्या तोंडानं ऐकत होती. रुक्मिनबाई मधेच म्हणाली, "घसा सुकला आसंल, पानी घ्या." परत तांब्या. मग शेंगुळे, ठेचा, दही. मी रागातही दोन वाट्या शेंगुळे खाल्ले.

संध्याकाळी मी तो आकडा फोनवरून संस्थेला पाठवून दिला. अप्पांनी आकडा मागितला होता ना.

नारायणगड आणि विसरलेलं घड्याळ

दुसऱ्या दिवशी खालच्या गावांकडे जाताना नारायणगडावर थांबलो. वरून सगळा मुलूख दिसतो. हिरवे तुकडे, करडे तुकडे, मधे रस्ता. चांदभाई पायथ्याशी जीपजवळ थांबले, आणि मी खाली येईपर्यंत त्यांनी दोन भक्तांच्या मोटारसायकली दुरुस्त करून दिल्या होत्या. तिथेच अप्पांचा फोन आला. "आकडा पोचला मॅडम, लई झाक काम केलं. आता गुरुवारी कुनाला बोलायला जागाच न्हाई." मी 'बरं' म्हणून फोन लगेच ठेवला.

आणि मग लक्षात आलं, माझं सेकंद मोजायचं घड्याळ लिंबाच्या फांदीला अडकवलेलं, तिथेच राहिलं. घड्याळाशिवाय पुढे काय मोजणार? चांदभाई फोन काढायला लागले. म्हटलं, "राहू द्या, घड्याळ तर घ्यायचंय. कशाला त्यांना परत रांधायला लावता?" आम्ही तसेच वळलो.

शेपटवाडीच्या चारीत पाणी नव्हतं. काल वाहत होता तो तुकडा नुसता ओला, आणि त्याच्या वरची, कालव्याकडची चारी ठणठणीत कोरडी. तळाला भेगा. एका दिवसात भेगा पडत नाहीत, एवढं मला नक्की कळतं. ओढ्यावरच्या बंधाऱ्याच्या बाजूनं सात-आठ बायका डोक्यावर घागरी घेऊन ओळीनं ज्वारीकडे चालल्या होत्या, रुक्मिनबाई पुढं. जीप दिसली मात्र, सगळ्यांनी घागरी पटापट ज्वारीत लपवल्या आणि आपण बांधावर सहज गप्पा मारत बसल्या आहोत अशा बसल्या. एकीच्या पदरातून पाणी निथळत होतं.

"बसा, बसा मॅडम," म्हणत रुक्मिनबाई उठली ती थेट घराकडे पळाली. तांब्या आणायला!

मी बांधावर चढले. पलीकडे प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. त्याच्या काठावर ओली रेघ माझ्या खांद्याएवढी उंच, आणि पाणी गुडघ्याएवढं. शेजारी मोटर.

"हीच ती," चांदभाई हळूच म्हणाले. "काल हिचाच आवाज."

रुक्मिनबाई तांब्या घेऊन आली. मी तो हातात घेतला नाही. "हे काय आहे?" मी विचारलं. आवाज चढलेलाच होता. "तळ्यातलं पाणी चारीत कोणी सोडलं?"

"आमीच."

"कशासाठी?"

"तुमी येनार म्हून."

"मी काय पाण्यात पोहायला येणार होते? मी मोजायला आले होते बाई! तुम्ही वापरता तेवढंच मोजायला!"

"ते खरं हाय. पर पाव्हनी दारात आली आन् चारी कोरडी दावायची? गावाची काय इज्जत ऱ्हाती? तीन म्हैने थेंब थेंब साठवलंतं, त्यातलं सोडलं. तुमी बघावं, मन भरावं, आन् सांगावं लोकाला की शेपटवाडीला गेलते, लई पानी बघितलं."

खोऱ्यातलं सर्वांत काटकसरी गाव, त्यानं माझ्या पाहुणचारासाठी तीन महिन्यांचं पाणी ओढ्यात घातलं, आणि मी त्यांना वर भाषण दिलं, आणि तो आकडा पाठवून त्यांची शेवटची पाळीही घालवली! दोन्ही बाजूंनी मीच. मी मटकन बांधावरच बसले आणि रडायलाच लागले. रुक्मिनबाई घाबरली. "अगं माय, काय झालं वं? ऊन लागलं का? पानी घ्या, पानी घ्या."

"पाणी नको!" मी ओरडले. मग तिच्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, आणि मला एकदम हसू फुटलं. कारण आमच्या घरी काय वेगळं असतं? पाहुणे येणार म्हटलं की आई कपाटातले कधी न वापरलेले कप काढायची, दिवाणावर नवी चादर, आणि आम्हां भावंडांना दम, 'कोणी दुसरा लाडू मागायचा नाही.' पाहुणे घरी जाऊन सांगत असतील, काय ऐश्वर्य! मीही तशीच एक पाहुणी, वही घेऊन आलेली.

"वर्दी मीच दिलती," चांदभाई खाली बघून म्हणाले. "चूक माजी बी हाय."

"आणि मोटर ऐकू आली तेव्हा तुम्हाला गप्प कोणी केलं?" मी म्हटलं. "जाऊ दे. जीपमधली पिशवी काढा. मी इथेच राहणार. परत मोजणार."

रांजण

राहिले, पण मोजू कोण देतंय! पहिला दिवस सगळा पाहुणचारात गेला. मी शेताकडे निघाले की बायका घागरी खाली ठेवायच्या. मी खाटेवर बसले की त्या शेतात. मी म्हटलं, "रुक्मिनबाई, मला तुमचं खरं काम बघायचंय." ती म्हणाली, "बघा की, कोन नको म्हनतंय, आदी ह्यो शिरा खावा."

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ एक घागर उचलली आणि ओळीत शिरले. आमच्याकडे नळ, पंप, आणि विहिरीला रहाट. डोक्यावर घागर मी जन्मात घेतली नव्हती. दहा पावलांत अर्धी घागर माझ्या पाठीत गेली. जानेवारीच्या सकाळी! मी जी किंकाळी मारली ती म्हणे वरच्या वाडीपर्यंत गेली. बायका हसून हसून बांधावर लोळल्या. "मॅडमचं ॲव्हरेज लई कमी हाय," चांदभाई लांबूनच ओरडले. रुक्मिनबाईनं माझ्या डोक्यावर चुंबळ नीट बसवली, मान कशी ठेवायची ते दाखवलं, आणि मग मला कोणी थांबवलं नाही.

ओळीत शिरल्यावर दिसायला लागलं. एका सरीला पाणी, शेजारची कोरडी, पुढच्या पाळीला उलट. मुळाशी तुरीचा पालापाचोळा दाबलेला, म्हणजे ऊन ओल खात नाही. मोटर किती वेळ चालली ते रुक्मिनबाईच्या भिंतीवर गेरूच्या रेघांत, पेरणीपासूनचं सगळं, प्रत्येक शेताची वेगळी ओळ. चांदभाईंनी पिंप लावून मोटर मिनिटाला किती पाणी टाकते ते मोजलं. रेघा, पिंप आणि ओळीत मोजलेल्या घागरी यांवरून सगळं गणित उभं राहिलं. मी ज्वारीत चौकोन आखून त्यातली उभी ताटं मोजली, गेल्या वर्षीची पोती विचारून घेतली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेतातून आले. घशाला कोरड पडली होती. रुक्मिनबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठात. मी उंबऱ्यात बसून म्हटलं, "पाणी दे ना गं."

तिनं मान वरसुद्धा केली नाही. "रांजन तितंच हाय, घे की हातानं. आन् येताना मला बी आन."

मी उठले. रांजणात तांब्या बुडवला, प्यायले, तिला आणून दिलं. ती एका हातानं प्याली, दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटली. तिनं मला 'तू' म्हटलं होतं, हे मला तिच्याआधी कळलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! पहिल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हाही एवढा झाला नव्हता. त्याच दुपारी मी शेवटचं गणित पुरं केलं. शेपटवाडीची भाकरी अप्पांच्या भाकरीपेक्षा निम्म्याहून कमी घागरींत होत होती. खोऱ्यात आम्ही बघितलेल्यांत सर्वांत कमी.

बैठक

गुरुवारी वरच्या गावातल्या सभागृहात पन्नासेक माणसं जमली होती. शेपटवाडीची मंडळी मागच्या भिंतीला टेकून उभी, रुक्मिनबाई दाराशी. माझा पहिला आकडा छापून प्रत्येकाच्या हातात दिलेला होता. अप्पांनी मला पुढं बोलावलं.

मी माझ्या कॉलेजात मुलांना ओरडते, चूक झाली तर पहिल्या वाक्यात सांगा. तेच स्वतः करायची वेळ आली तेव्हा मी आधी चष्मा पुसत बसले. पण सांगितलं. "हातात आहे तो आकडा चुकीचा आहे. तो मी काढलाय, चूक माझी आहे." मग दुसरा आकडा सांगितला.

सभागृहात गलका झाला. अप्पांनी हात वर केला. ते चिडले नव्हते, पण मिशीवरून हात फिरवत होते.

"मॅडम, एकाच वाडीचे तुमी दोन आकडे आनले. पयला खोटा, कारन त्यांनी तुम्हाला दावायला पानी सोडलं. मानलं. मग दुसऱ्या येळंला बी दावायलाच घागरी उचलल्या न्हाईत कशावरून? भिंतीवर रेघा वडायला कितीसा गेरू लागतो?"

प्रश्न बिनतोड होता. मी वहीची पाच-सहा पानं उगाच उलटली. मागं रुक्मिनबाईचा चेहरा उतरलेला दिसला. आणि मग उत्तर माझ्या तोंडून आपोआप गेलं.

"अप्पा, पहिल्या दिवशी रुक्मिनबाईनं मला काठोकाठ तांब्या दिला, वर गूळ. तिसऱ्या दिवशी मी पाणी मागितलं, तर म्हणाली, रांजण तिथं आहे, हातानं घे, आणि येताना मलाही आण."

कोणी स्पष्टीकरण मागितलं नाही. हेच जर मी आमच्या विद्यापीठात सांगितलं असतं तर चार तज्ज्ञ माझ्याकडे बघत बसले असते. इथे पन्नास माणसांना एका क्षणात कळलं. दारापाशी रुक्मिनबाईनं लाजून पदर तोंडावर घेतला. "अगं बाई, आसं म्हनले का मी?"

अप्पा आधी गालात हसले, मग मोठ्यानं. "म्हनली आसशीलच!" ते म्हणाले. "घरच्या मानसालाच म्हनतेत आसं. घरच्याला कोन दावायला जातंय?" मग हातातला छापलेला कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला. "मी शब्द दिलता, आकड्यावर ठरवू. पाळी शेपटाकडून चालू करा. वरचे दरवाजे बंद ठेवायची जिम्मेदारी माझी." थोडं थांबून म्हणाले, "आन् मॅडम, आमच्याकडं बी परत या. ह्या टायमाला आमी बी तुम्हाला पानी देनार न्हाई."

पाणी आलं

माझं परतीचं तिकीट होतं ते मी पुढं ढकललं. शनिवारी सकाळी सगळी वाडी चारीवर. चांदभाई जमिनीला कान लावून बसलेले. "आलं," ते म्हणाले, आणि मग दिसलं. आधी काड्या, फेस, वाळलेली पानं पुढं ढकलत, भेगांत थांबत, भेगा भरल्या की पुढं सरकत, पाणी माणसाच्या चालीनं येत होतं. बायका ओरडत होत्या. मीही ओरडत होते. खिशातलं मोसंबं काढून मी पाण्यात सोडलं. मोजायला नाही, उगाच. तीच शेळी पुन्हा धावली, आणि या वेळी मी तिला नेऊ दिलं.

रुक्मिनबाई हिरवं इरकल नेसून आली होती, तेच पहिल्या दिवशीचं. हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि गुळाचा खडा. सकाळपासून पोटात काही नव्हतं, मी खडा घ्यायला हात पुढं केला. तिनं फटकन माझ्या हातावर चापट मारली.

"ते तुजं न्हाई. आज पाव्हनं पानी हाय. हो बाजूला."

मी बाजूला झाले, आणि पाणी माझ्या पायांवरून पुढं गेलं.